शेजारच्या पोरींचा घोर

मनुबाई खरातनं रहिमतपूरच्या एका अंगणवाडीत सव्वीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. सकाळी दारोदार फिरून पोरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची आणि महिन्याच्या महिन्याला वजनाच्या दिवशी रडणारं पोर काट्याच्या झोळीत बसवायचं. रजिस्टर लिहायचं काम सेविकेचं. पण सेविकेनं काट्याकडं बघायच्या आधीच मनुबाई आकडा सांगून मोकळी व्हायची, आणि तो फारसा चुकायचा नाही. पोर उचललं की तिच्या हातांनाच कळायचं, ह्याच्या घरी काय शिजतं आणि काय शिजत नाही.

पासष्टी झाली तशी ती घरी बसली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक लोणंदला दिलेली, ती सणावाराला यायची. कोरेगाव रस्त्याला नवीन प्लॉट पडले तेव्हा नवऱ्यानं घेतलेल्या जागेवर दोन खोल्या होत्या, तिथं मनुबाई एकटी राहायची. शेजारच्या प्लॉटवर वीरधवल नावाच्या फौजी माणसानं स्लॅबचं घर बांधलं. तो मूळचा शिराळ्याकडचा. पोरीला चांगली शाळा मिळावी, म्हणून बायकोला आणि पोरीला इकडं आणून ठेवलं आणि आपण ड्यूटीवर गेला. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी विटांची भिंत.

बायको पूजा, तासगावकडची. पहिलं वर्षभर ती पोरगी म्हणजे नुसती चिमणी होती. भिंतीपाशी येऊन कढीपत्ता मागायची, मनुबाईच्या स्वयंपाकघरात पाट ओढून बसायची, दोनदा तर तिथंच जेवली होती. थोरली पायल पहिलीत होती. मग दुसऱ्या बाळंतपणाला पूजा माहेरी गेली आणि चार महिन्यांची राजनंदिनी घेऊन परत आली. दिवाळीच्या सुट्टीला वीरधवल आला, पायलसाठी अंगणात झोका बांधला, धाकटीला खांद्यावर घेऊन सगळ्या कॉलनीतनं मिरवली आणि परत गेला. सासूनं मात्र दुसरीही मुलगीच झाली म्हटल्यावर बारशालासुद्धा पाऊल टाकलं नव्हतं, हे मनुबाईला पूजाच्याच तोंडून कळलेलं. सांगताना पूजा हसली होती.

त्यानंतर काय बिघडलं ते एका दिवसात दिसलं नाही. आधी दोरीवरचे कपडे आठ-आठ दिवस तसेच राहू लागले. मग दार दुपारी बारा वाजेपर्यंत उघडेना. घरात टीव्ही चालू असायचा, पण माणसाचा आवाज म्हणून नाही. पायल शाळेला निघायची ती आदल्या दिवशीच्या विस्कटलेल्या वेण्यांत. भिंतीपाशी येणं पूजानं कधी बंद केलं, ते मनुबाईच्याही ध्यानात राहिलं नाही.

एक दिवस संध्याकाळी पायल अंगणातल्या नळापाशी उकिडवी बसलेली दिसली. मांडीवर धाकटी राजनंदिनी, म्हणजे नंदू. वाटीत बिस्किटं पाण्यात कालवून ती बोटानं बहिणीला चाटवत होती. सात वर्षांची पोरगी, पण तोंड कसं, तर संसारात मुरलेल्या बाईसारखं.

"पायल, काय करतीस गं?"

"नंदूला भरवतीया."

"आय कुठं हाय?"

"झोपलीया."

"बरं न्हाई व्हय तिला?"

पायलनं जरा विचार केला. "ती दमलीया," म्हणाली.

"कशानं दमलीया?"

"नुसतीच दमलीया."

त्या दिवसापासून मनुबाईच्या जिवाला घोर लागला. ती मुगाची डाळ घालून मऊ भात करायची, वर तुपाची धार सोडायची आणि पायल शाळेतनं आली की भिंतीवरून ताटली द्यायची. पायल आधी नंदूला भरवायची, उरलेलं आपण खायची, आणि ताटली धुऊन आणून ठेवायची. आठ-दहा दिवस असं चाललं. मग एका सकाळी पूजा स्वतः भिंतीपाशी आली. केस मोकळे, डोळे सुजलेले, गाऊनवर कसलासा डाग.

"मावशी, तुमी माझ्या पोरींना जेवाय घालताय?"

"घालते की. त्यात काय झालं?"

"लोकं काय म्हणतील? बाप फौजेत हाय, आणि पोरी शेजारी मागून खात्यात?"

मनुबाईचा तोल सुटला. "मागून न्हाई खात, मी हौसेनं घालते. ती धाकटी वाळत चाललीया, दिसत न्हाई तुला? आई हायस का कोण हायस तू?"

पूजानं मनुबाईकडं नुसतं बघितलं आणि पाय ओढत आत गेली. दुसऱ्या दिवशी पायल भिंतीपासून लांब उभी राहून म्हणाली, "आज्जी, आईनं सांगितलंय, तुमच्याकडं यायचं न्हाई."

खरातांच्या घरचं म्हणून नको असेल का, हा किडाही मनुबाईच्या डोक्यात वळवळून गेला. ताटाआधी जात बघणारी माणसं तिनं आयुष्यात काय कमी बघितली होती? पण पूजा तसली नव्हती. मग मनुबाईला वाटलं, आळशी असेल. फोनच्या नादी लागली असेल. नवरा लांब, पैसा हातात, बोलणारं कुणी नाही. असं कायबाय तिला वाटत राहिलं, आणि जे वाटलं ते तिनं खरं धरलं.

अंगणवाडीतली दंड मोजायची एक जुनी पट्टी तिच्या कपाटात पडून होती. हिरवा भाग आला तर पोर चांगलं, पिवळा आला तर लक्ष द्यायचं, तांबडा आला तर दवाखाना गाठायचा. एका दुपारी वाऱ्यानं पायलचा फ्रॉक उडून मनुबाईच्या अंगणात पडला. तो घ्यायला पायल नंदूला कडेवर मारून भिंतीपाशी आली, तेव्हा मनुबाईनं पटकन नंदूच्या दंडाला पट्टी गुंडाळली. पिवळा. तोही तांबड्याला टेकलेला.

"हे काय करताय, आज्जी?"

"दंड मोजतीया."

"कशाला?"

"पोट भरून जेवती का बघाय."

पायलचे डोळे एकदम भरून आले. "जेवती की! मी भरवते की तिला रोज!" म्हणाली आणि बहिणीला हिसडा मारून घेऊन गेली. मनुबाई पट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिली. आपण ह्या एवढ्याशा पोरीवरच आळ घेतला, असं तिला झालं.

ती जुन्या अंगणवाडीत गेली आणि सेविकाबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी दोन दिवसांनी येते म्हणून पूजाला फोन केला, आणि तिथंच सगळं फसलं. बाई आल्या तेव्हा घर झाडलेलं, पूजाच्या अंगावर इस्त्रीची साडी, चहा तयार. नंदू पांघरुणात झोपलेली. तिची नोंद माहेरी तासगावलाच आहे, असं पूजानं सांगितलं. बाई जाताना मनुबाईच्या दारात थांबल्या.

"मनुबाई, चांगली शिकली-सवरलेली बाई हाय. तुमाला रिकामपणी करमत न्हाई, म्हणून उगं मनाला लावून घेताय."

मनुबाईनं आदल्या संध्याकाळी पायलला वाकून फरशी पुसताना बघितलं होतं. पण ते सांगून काय उपयोग?

अंगणवाडीच्या भिंतीवर पोरांच्या मदतीचा दहा-अठ्ठ्याण्णव हा नंबर रंगवलेला होता. घरी येऊन तिनं तो दोनदा दाबला आणि दोन्ही वेळा रिंग वाजायच्या आधी तोडला. त्यामागं एक जुनं दुखणं होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अंगणवाडीतल्या एका पोरीच्या पायावर भाजल्याचे वळ दिसले होते, आणि मनुबाईनं ते चारचौघांत बोलून दाखवलं होतं. आईनंच चटका दिला, असा गावभर बोभाटा झाला. नवऱ्यानं त्या बाईला मारून घराबाहेर काढली. महिन्यानं कळलं, पोरगी आंघोळीच्या कढत पाण्यात पडली होती आणि आई तेव्हा रानात होती. ती बाई पुन्हा कधी नांदायला आली नाही. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या घरात तोंड घालायचं नाही, असं मनुबाईनं ठरवलं होतं. तिनं ते पाळलंही होतं. आता ते पाळताना तिला रोज घास जात नव्हता.

असा सगळा मार्च गेला.

एप्रिलात परीक्षेमुळं शाळा लवकर सुटायची. ऊन मी म्हणत होतं. मनुबाईनं बघितलं तर पायल दप्तर घेऊन पायरीवर बसलेली. दार आतनं बंद. आत नंदू रडत होती, आणि बघता बघता तिचं रडणं चिरकत गेलं आणि थांबलं. मनुबाई वयाचा विचार न करता भिंत ओलांडून गेली. तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं. हाका मारल्या. समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघू लागली. बऱ्याच वेळानं कडी निघाली.

पूजा दारात उभी होती, पण ती कुणाकडंच बघत नव्हती. "ऐकू आलं न्हाई," एवढंच म्हणाली.

नंदू पलंगाखाली ओल्यात बसली होती. मनुबाईनं तिला उचललं आणि तिच्या हातांना कळायचं ते कळलं. साडेसहा किलो. सोळा महिन्यांचं पोर, आणि साडेसहा किलो. मान खांद्यावर टाकली ती तिनं पुन्हा उचलली नाही. पायल धावत पाणी घेऊन आली आणि चमच्यानं पाजू लागली. तिचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता. मनुबाईला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

नंदूला दवाखान्यात नेऊ म्हटल्यावर पूजानं पोर ओढून घेतलं आणि दार लावून घेतलं. नाक्यावरच्या दादासोच्या दुकानातनं पूजाकडं किराणा जायचा, आणि त्याची यादी वीरधवल फोनवरनं सांगायचा. मनुबाईनं दादासोकडनं त्याचा नंबर घेतला आणि दुकानातच उभ्या उभ्या फोन लावला. तो लागला संध्याकाळी, चौथ्या खेपेला.

"मावशी, मी रोज व्हिडिओ कॉल करतो," वीरधवल म्हणाला. "रोज बघतो पोरींना. हसत्यात, खेळत्यात. पूजा जरा कमी बोलती, तेवढंच."

"फोन कोण धरतं?"

"पायल."

"नंदूचं तोंड सोडून दुसरं काय दिसलंय तुला? तिचे पाय बघितलास कवा?"

मनुबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उद्या पायलला म्हण, नंदूला उभी करून दाखव. मग मला बोल."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा आवाज ओळखू येत नव्हता. नंदूला दाखव म्हटल्यावर पायल आधी म्हणाली ती झोपलीय. मग म्हणाली नेटवर्क नाही, आणि फोन बंद केला. "ती खोटं बोलली, मावशी," तो म्हणाला. "एवढीशी पोर माझी. आईला सांभाळून घ्याय खोटं बोलली." त्याला लगेच सुट्टी मिळणार नव्हती. त्यानं शिराळ्याला वडलांना फोन केला होता. "आई-दादा उद्या येत्यात. तुमी काळजी करू नका."

मनुबाईनं त्या रात्री पोटभर झोप घेतली. तिच्या डोळ्यांसमोर चित्र होतं ते असं: सासू येईल, चूल पेटवेल, पोरींना न्हाऊ घालेल, सुनेच्या डोक्याला तेल लावेल. म्हातारं माणूस घरात आलं की घर ताळ्यावर येतं.

सकाळी जीप आली. सासरे जोतीराम बाहेरच उभे राहिले. सासू आक्काताई आत गेली आणि नंदूला बघून तिनं जो टाहो फोडला तो चार घरांत ऐकू गेला. मग शिव्या. अर्ध्या तासात पोरींचे कपडे दोन पिशव्यांत भरून झाले.

पायलनं दाराचे गज धरले. "मी न्हाई येणार! आईला कोण बघणार?"

"तिला बघाय तिचं माहेर हाय," आक्काताई म्हणाली आणि तिची बोटं एकेक करून सोडवली.

पूजा पायरीवर बसून बघत होती. जीप सुरू झाली तेव्हा तिनं उठायचा प्रयत्न केला, पण तिला उठता आलं नाही, आणि ती परत खाली बसली. मनुबाई भिंतीपाशीच उभी होती. मधे फक्त कमरेएवढ्या विटा होत्या, पण त्या दिवशी तिला त्या ओलांडता आल्या नाहीत. संध्याकाळी तिनं भाकरी-भाजी नेऊन दार वाजवलं. ते उघडलं नाही. पुढच्या दिवशी पूजाचा भाऊ बाळासो आला आणि बहिणीला घेऊन गेला.

नंदूला दवाखान्यात ठेवलं. तीन आठवड्यांत तिचं वजन सव्वा किलोनं वाढलं, असं वीरधवलनं फोनवर सांगितलं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले होते. हे ऐकून मनुबाईला बरं वाटायला हवं होतं. पण मार्च महिना तिच्या मनातनं जाईना. पट्टी तांबड्याला टेकली होती तेव्हाच फोन का केला नाही?

जुलैत पूजा आली. बाळासो टेम्पोत भांडी आणि गाद्या भरत होता. पूजा चालत येऊन मनुबाईच्या ओट्यावर बसली. अंगानं हडकली होती, पण डोळे माणसात आले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं. बाळंतपणानंतर काही बायकांना होतो म्हणे, आणि वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर बराही होतो.

"तुमी फोन केला म्हणून नंदू जगली," पूजा म्हणाली. "मी तुमच्यावर राग धरलेला न्हाई, मावशी. आधी धरला होता."

मनुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मला सगळं कळायचं. नंदू रडतीया, पायल तिला घेतीया, सगळं कळायचं. नुसतं उठता यायचं न्हाई. अंगावर कुणी दगड ठेवल्यागत." ती थोडं पाणी प्यायली. "तुमी रोज भिंतीवरनं इचारायचा, पोरी जेवल्या का. मी आतनं ऐकायची. मला वाटायचं, एकदा तरी म्हणतील, पूजा, तुला काय हुतंय गं. मग मी सांगितलं असतं. बहुतेक सांगितलं असतं."

मनुबाईला तोंड वर करता आलं नाही. सव्वीस वर्षं तिनं पोरं उचलून त्यांच्या घरात काय शिजतं ते ओळखलं होतं. पोरांना आणणाऱ्या बायांकडं मात्र तिनं कधी नीट बघितलंच नव्हतं. वेळेवर आणतात का आणि नखं कापतात का, एवढंच बघितलं होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"आता पोरी द्याय तयार न्हाईत ती माणसं," पूजा म्हणाली. "येडी हाय म्हणत्यात मला. ह्यांचंही तेच म्हणणं हाय, अजून जरा थांबू."

त्या 'येडी' शब्दानं मनुबाईला घरी बसवेना. नागपंचमीची गर्दी ओसरल्यावर ती एकटी एस्टीनं कराड, इस्लामपूर करत शिराळ्याला गेली आणि तिथनं वडापच्या जीपनं त्यांच्या वाडीला. आक्काताईनं तिला चहा दिला, पाट दिला. मनुबाईनं सांगितलं, तो आजार होता, बाई वाईट न्हाई, पोरींना महिन्यातनं एकदा तरी आईला भेटवा.

"तुमचे उपकार हायत आमच्यावर," आक्काताई म्हणाली. "पर आता ह्यात पडू नका. त्या दिवशी तुमीच म्हणाला न्हवं, पोरी मारून टाकंल म्हणून?"

मनुबाई असं म्हणाली नव्हती. पण वीरधवलला फोनवर ती काय बोलली, त्यानं बापाला काय सांगितलं आणि बापानं घरात काय सांगितलं, ह्याचा हिशेब आता कोण लावणार? जोतीराम तंबाखू मळत खाली बघत राहिले.

परसात पायल नंदूला चालायला शिकवत होती. नंदूचे गाल वर आले होते. पायल मात्र वाळली होती. मनुबाईला बघून ती हसली नाही.

"आज्जी, आई उठती का आता?"

"उठती. गोळ्या घेती, सगळं काम करती."

"मग आमाला न्याय का येत न्हाई?"

मनुबाई काही म्हणायच्या आत तिनंच पुढचं विचारलं. "बाबांना तुमीच सांगितलं न्हवं?"

"व्हय, बाळा. मीच."

"मी कुणालाच सांगितलं नव्हतं," पायल म्हणाली. "मी सगळं नीट केलं असतं." मग तिनं बहिणीला कडेवर घेतलं आणि ती घरात गेली. मनुबाई थोडा वेळ परसात थांबली, पण पायल परत बाहेर आली नाही.

दर पंधरा दिवसांनी मनुबाई वीरधवलला फोन करते. तो चांगलं बोलतो. आईला दुखवून चालत नाही, आणि बायकोवर अजून भरवसा ठेवता येत नाही, असं सांगतो. यंदाच्या दिवाळीला तो सुट्टीवर आला, तेव्हा एक दिवस दोन्ही पोरींना घेऊन तासगावला गेला होता. दुपारपुरता. संध्याकाळी पूजाचा फोन आला.

"आल्या होत्या, मावशी. पायलनं हितलं सगळं घर फिरून बघितलं. भांडी घासलेली हायत का, पाणी भरलेलं हाय का. मग माझ्याजवळ बसली."

"आणि नंदू?"

"आली न्हाई माझ्याकडं. पायलच्या कडेवरनं उतरलीच न्हाई. मी हात पुढं केले तर पायलच्या खांद्यात तोंड खुपसलं तिनं. मला ओळखलं न्हाई."

मनुबाईनं फोन कानाशी घट्ट धरला. मग पूजा म्हणाली, गोळीची वेळ झाली, ठेवते.